निकाल लागला, आता त्या मायला काय सांगू?

पळसफूल | १२ जून, रात्री १०:१५

परवा बलात्काराच्या एका खटल्याचा निकाल लागला. आरोपी सुटला. संशयाचा फायदा.

या खटल्यात मी मुलीच्या घरच्यांसोबत साडेसहा वर्षं होते. सुरुवातीला विधी सेवा समितीची स्वयंसेविका म्हणून, नंतर नुसतीच ओळखीची बाई म्हणून. वर्धा-यवतमाळच्या सीमेवरचा कापसाचा पट्टा समजा. कुणी शोधत जाऊ नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.

पोरगी तेव्हा सोळाची. वेचणीचे दिवस होते. मायबाप ज्याच्या शेतात रोजानं जात, त्याच्याच घरातला तो. गुन्हा नोंदला गेला चौथ्या दिवशी. उलटतपासणीत बचावाच्या वकिलानं मायला विचारलं, "चार दिवस काय करत होत्या?" माय गप्प राहिली. ते गप्प राहणं निकालपत्रात आलं आहे.

त्या चार दिवसांत काय झालं ते मी सांगते. पहिल्या दिवशी पोरगी बोललीच नाही, पोट दुखते म्हणून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मायनं कपडे धुताना पाहिलं आणि ओळखलं. धुतल्यावर ओळखलं, हेही लक्षात घ्या. संध्याकाळी बाप मालकाकडे गेला. मालक म्हणाला, बसून मिटवू, पोरीचं नाव खराब करू नको. तिसऱ्या दिवशी मायलेकी ठाण्यात पोचल्या. गावातून एसटी सकाळी एक आणि दुपारी एक. ठाणेदार बंदोबस्ताला गेले होते. महिला अंमलदार सुटीवर. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं आणि उद्या या म्हणून सांगितलं. परतीची गाडी निघून गेली होती. अकरा किलोमीटर दोघी पायी आल्या. चौथ्या दिवशी पुन्हा गेल्या. कायद्याच्या भाषेत याला 'विलंब' म्हणतात.

मग पेश्या. मायला लिहितावाचता येत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती तारखेभोवती कोळशानं गोल करायची. साडेसहा वर्षांत एकतीस गोल. दर पेशीला दोघींचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. साक्षीदाराला प्रवासभत्ता मिळतो हे मी सांगितलं, अर्जही लिहून दिला. दोनदा मिळाला. बाकीच्या वेळी साहेब रजेवर, वकील बदललेला, आरोपीच्या वकिलाची तब्येत ठीक नाही, कधी संप, पुढे टाळेबंदी.

दरम्यान पोरीचं लग्न झालं. सासरी काही सांगितलेलं नव्हतं. समन्स निघालं तेव्हा माय ठाण्यात जाऊन हात जोडून उभी राहिली, साहेब, कागद सासरी नेऊ नका. एका भल्या जमादारानं ऐकलं. माय बिमार आहे असं सासरी सांगून, कडेवर आठ महिन्यांचं लेकरू घेऊन पोरगी साक्षीला आली. आणि सगळं सांगितलं तिनं. एक शब्द बदलला नाही. बावीसाव्या वर्षी सोळाव्या वर्षाचं सांगत होती आणि लेकरू बाहेर माझ्या मांडीवर रडत होतं.

तरी सुटला. जन्म घरी झालेला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर वय होतं, पण ते घेऊन यायचे ते मुख्याध्यापक निवृत्त झाले होते आणि रजिस्टर कोर्टात आलंच नाही. म्हणून वय सिद्ध झालं नाही. वय नाही, तर पोक्सो नाही, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागू नाही. पोक्सो नाही, तर संमतीचा प्रश्न उघडा झाला. कपडे धुतलेले, सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीत, काही नाही. आणि तिला रडताना पाहिलेली शेजारीण फितूर झाली. त्या शेजारणीवर मला रागावता येत नाही. तिच्या दोन एकराला पाणी त्याच मालकाच्या विहिरीवरून येतं.

पोक्सोच्या कलम ३५ मध्ये लिहिलं आहे की पोरीची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतोवर एका वर्षात संपवावा. २०१२ चा कायदा आहे. त्याआधी १९८३ ला कायदा बदलला, मग २०१३ ला, २०१८ ला, २०१९ ला, आणि १ जुलै २०२४ पासून तर सगळ्या संहिताच नव्या आल्या. मी दर वेळी बायांना जमवून हे बदल समजावून सांगितले, मनापासून. काल त्या मायनं विचारलं, "ताई, तुमी म्हनत होत्या कायदा आता कडक झाला. कोनासाठी झाला?"

इथे वकील आहेत, नर्स आहेत, शिक्षक आहेत. मला खरंच उत्तर हवं आहे.

---

रोखठोक_अमरावती | १२ जून, रात्री १०:५०

वाचून हात थरथरायला लागले. माझं मत स्पष्ट आहे. अशांना भर चौकात फाशी द्या. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा देणारा शक्ती कायदा आणणार होते, काय झालं त्याचं? हैदराबादला त्या तरुण डॉक्टरवरच्या अत्याचारातल्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेच बरोबर होतं. सहा वर्षं त्या माउलीनं खेटे घालायचे, हे कसलं न्यायालय?

---

तालुक्याचा_वकील | १२ जून, रात्री ११:४०

रोखठोक भाऊ, राग कळतो. पण हैदराबादचं नाव काढलंच आहे तर पुढचंही वाचा. ६ डिसेंबर २०१९ च्या त्या चकमकीची चौकशी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या आयोगानं केली. अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले. २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल उघड झाला. पोलिसांनी सांगितलेली हकिगत त्यांना पटली नाही आणि गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनंच झाला असं त्यांनी म्हटलं. मारले गेलेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते असंही त्यात आहे. त्या मुलीवर अत्याचार नेमका कुणी केला हे आता कोणत्याही न्यायालयात तपासलं जाणार नाही.

शक्ती विधेयकाचं असं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात त्या तरुण प्राध्यापिकेला पेटवलं गेलं, सात दिवसांनी ती गेली. महाराष्ट्र हादरला. त्या वर्षीच्या डिसेंबरात विधेयक मांडलं, पुढच्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि कायदा कधी झालंच नाही. हिंगणघाटच्या खटल्याकडे मात्र सगळ्यांचं लक्ष होतं, आरोपपत्र महिन्याच्या आत, विशेष सरकारी वकील, जलदगती न्यायालय. तरी निकाल १० फेब्रुवारी २०२२ ला लागला, बरोबर तिच्या दुसऱ्या स्मृतिदिनी. जन्मठेप. ज्या खटल्यासाठी सगळं राज्य उभं होतं त्याला दोन वर्षं लागली. पळसफूल ताईंच्या पोरीमागे कोण उभं होतं?

बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात उभा आहे, म्हणून फाशीबद्दल सांगतो. शिक्षा जितकी मोठी, न्यायाधीश पुराव्याकडे तितक्या कडक नजरेनं पाहतो, आणि ते चूक नाही. दहा वर्षांच्या शिक्षेला जो पुरावा पुरेसा वाटला असता तो फाशी समोर असली की अपुरा वाटतो. शिवाय आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दर वर्षी हेच सांगतात, नव्वद टक्क्यांच्या वर. काका, मावसा, मालकाचा पोरगा. त्याला फाशी होणार म्हटलं की घरातली म्हातारी माणसंच पोरीचं तोंड दाबतात. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशी नको असं साफ लिहिलं होतं. सरकारनं ते ऐकलं नाही.

२०२२ मध्ये देशभरात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. ज्या खटल्यांचे निकाल त्या वर्षी लागले त्यांत शिक्षा झाल्याचं प्रमाण सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. चारात एक. उरलेल्या तिघी खोट्या होत्या असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस माझ्यासोबत कोर्टात बसावं. सरकारी वकिलाच्या टेबलावर त्या दिवशी वीस-पंचवीस फाइली असतात. पोरगी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते त्याच्या आधी पंधरा मिनिटं तो तिला पहिल्यांदा भेटतो, तेही व्हरांड्यात, आरोपीच्या नातेवाइकांच्या देखत. तुमच्या खटल्यात मुख्याध्यापकांच्या जागी शाळेचा चालू कारकूनसुद्धा रजिस्टर घेऊन येऊ शकला असता. एक समन्स. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिचा खटला म्हणून तो कुणाच्या डोक्यात राहिलाच नव्हता. पोरगी टिकली आणि यंत्रणा फितूर झाली, असं मी म्हणेन.

---

सेवाग्रामची_सिस्टर | १३ जून, सकाळी ६:२०

रात्रपाळी संपवून लिहिते आहे.

कपडे धुतल्याबद्दल. मी बावीस वर्षं वेगवेगळ्या ग्रामीण रुग्णालयांत काम केलं. धुतलेले कपडे, आंघोळ करून आलेली बाई, हे नेहमीचंच. कोणत्याही बाईचा पहिला हात पाण्याकडे जातो. पण म्हणून तपासणीत काहीच मिळत नाही असं नाही. ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात, केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं आहे. आणि काही मिळालं नाही तरी त्याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही, हे डॉक्टरनं अहवालात लिहायला पाहिजे. एक ओळ. ती ओळ लिहिली नाही की कोर्टात 'वैद्यकीय पुरावा नाही' एवढंच उरतं.

दुसरं, 'लेडी डॉक्टर नाही, जिल्ह्याला जा'. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कानात दुखतं. पोरगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोप्रमाणे महिला डॉक्टरच हवी, ते खरं. पण मोठ्या बाईला तिची संमती असेल तर आणि सोबत महिला कर्मचारी असेल तर पुरुष डॉक्टर तपासू शकतो. तरी पाठवतात. कारण तपासलं की साक्षीला जावं लागतं आणि आंतरवासिता संपवून आलेल्या तरुण डॉक्टरला त्याचीच भीती असते. कुणी शिकवलेलं नसतं. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या वर. तेवढ्या रस्त्यात बाई लघवीला जाणार, पाणी पिणार, रडून डोळे-तोंड धुणार. पुरावा रस्त्यातच संपतो.

तिसरं. ओले नमुने सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. प्लास्टिकच्या पिशवीत घातले की बुरशी येते. माझ्या डोळ्यांसमोर पिशवीत गेले आहेत. मी बोलले तेव्हा नवीन होते, कुणी ऐकलं नाही. नंतर मी पाकिटं स्वतःच्या पैशांनी आणून ठेवायला लागले. पाच रुपयाला एक मिळतं.

आमच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी २०१० मध्येच या तपासण्या किती वाईट होतात यावर अहवाल तयार केला होता, तो विषय नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्यातून नमुना-अर्ज बदलले, बाईला आधीची शरीरसंबंधाची सवय आहे का हे पाहणारी 'दोन बोटांची चाचणी' चुकीची आहे हे सरकारला मान्य करावं लागलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ ला सांगितलं, २०२२ ला पुन्हा सांगितलं की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. म्हणजे काम झालंच नाही असं नाही. विदर्भातूनच झालं. पण नवा नमुना-अर्ज तालुक्याच्या रुग्णालयात पोचायला किती वर्षं लागली ते आम्हालाच माहीत. कपाटात जुन्या अर्जांचा गठ्ठा संपेपर्यंत तोच वापरला जात होता.

पोरीला माझा आशीर्वाद सांगा. लेकरू घेऊन येऊन एक शब्द न बदलता बोलली. मी हे आमच्या नव्या पोरींना सांगणार आहे.

---

आशा_अकोला | १३ जून, दुपारी १:०५

पळसफूल ताई, मी गावातली आशा वर्कर आहो. टाइप कराले येळ लागते, चुकलं तं समजून घ्या.

तुमच्या पोरीचा खटला कोर्टात तरी गेला. आमच्या इकडं कोर्टापर्यंत जातच नाई. माया गावातलं सांगतो. पोट्टी चौदाची. रात्री मारुतीच्या देवळाजवळ बैठक झाली. तंटामुक्तीचे लोक, पोरीचा मामा, दोन मोठे शेतकरी, असे सात-आठ जन. पोरीले कोनी इचारलंच नाई. तिच्या मायलेबी नाई. दीड लाखावर गोष्ट आली, बापानं मान हालवली. लोकं म्हनतात बापानं पोरगी इकली. मी तसं म्हनत नाई. त्याच्यावर सावकाराचं कर्ज होतं, सोयाबीन पान्यानं गेलं होतं, आन घरी दुसरी पोरगी लग्नाची होती. केस केली तं दोघींचं लगन राहाते, हे त्याले बरोबर मालूम होतं.

मी मधात बोलली तं मले म्हने, तुमी आपल्या गोया वाटा.

आता पाहा, कायद्यात लिवलं आहे का लेकराचं असं जिले मालूम पडलं तिनं पोलिसात सांगाच लागते, नाई सांगतलं तं तिलेच सजा. मी सांगतलं. मंग सहा महिने गावातली एक बाई माह्याकडं नोंदनीले आली नाई. एका सुनेनं तं घरीच बायतीन केलं, माह्यासोबत दवाखान्यात जायचं नाई म्हनून. लेकरू वाचलं, नाईतं तेबी माह्याच डोक्यावर आलं असतं. ज्या कायद्यानं मले सांगाले लावलं त्या कायद्यानं नंतर माह्याकडं पलटून पाह्यलं नाई.

पोट्टीले मामाच्या गावी पाठवलं. शाळा सुटली तिची. केस चालू आहे म्हनतात.

---

पळसफूल | १३ जून, दुपारी २:३०

आशाताई, तुम्ही सांगितलंत, हे फार मोठं केलंत. मला तुमचा नंबर खासगी संदेशात पाठवाल का? त्या मुलीला मदतीसाठी सोबतीची व्यक्ती मिळायला हवी, पोक्सोत तशी तरतूद आहे. बालकल्याण समितीकडून ते करून घेता येईल. शाळेचंही पाहू.

---

वैनगंगाकाठ | १३ जून, रात्री ९:१०

मी देसाईगंजचा. आमच्या गावाला वडसा म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात आमचं गाव आहे आणि त्याची मला लहानपणापासून लाज वाटत आली.

२६ मार्च १९७२ च्या रात्री इथल्या पोलीस चौकीत एका आदिवासी पोरीवर दोन शिपायांनी अत्याचार केला. पोरगी चौदा ते सोळाच्या दरम्यान, मजुरी करणारी, आईबाप नसलेली. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे विरोध केला नाही, असा तो विचार होता. रात्री, चौकीच्या आत, दार लावलेलं, समोर खाकी वर्दी, आणि ती ओरडली का नाही हे दिल्लीत ठरलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ चा बदल त्यातून झाला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं आणि तिथे बाई 'संमती नव्हती' म्हणाली तर न्यायालयानं तसंच धरून चालायचं असं ठरलं. पीडितेचं नाव छापायला बंदीही तेव्हाच आली.

आता त्यातलं दुःख बघा. नाव छापायला बंदी त्या प्रकरणातून आली आणि ते प्रकरण मात्र आजही तिच्याच नावानं शिकवलं जातं. मी नाव लिहिणार नाही. तिच्यामुळे देशाचा कायदा बदलला, तिला स्वतःला त्यातून काय मिळालं? तिचे आरोपी सुटले ते सुटलेच. नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही.

वैनगंगेच्या वरच्या अंगाला खैरलांजी आहे, भंडारा जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २००६. एका दलित कुटुंबातले चौघे जमावानं मारले, आई, मुलगी, दोन मुलं. तेव्हा ॲट्रॉसिटी कायदा होऊन सतरा वर्षं झाली होती. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराच्या अंगानं नीट तपासणीच झाली नाही, आणि पुन्हा देह बाहेर काढले तेव्हा उशीर झाला होता. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली तेव्हा पेढे वाटणारेही होते. पण विनयभंग आणि ॲट्रॉसिटीची कलमं टिकली नाहीत. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. खून सिद्ध झाला, पण तो त्या बायांच्या जातीमुळे आणि बाई असण्यामुळे झाला, हे कागदावर राहिलंच नाही. सगळ्यात कडक शिक्षा झाली आणि खरी गोष्ट गळून गेली.

जानेवारी २०२१ चा 'त्वचेला त्वचेचा स्पर्श' हा निकालही आपल्याच खंडपीठाचा. बारा वर्षांच्या पोरीला कपड्यांवरून हात लावला म्हणजे पोक्सोतला लैंगिक हल्ला नाही, असं म्हटलं गेलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. आणि निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश बाईच होत्या. म्हणून नुसत्या महिला न्यायाधीश, महिला पोलीस वाढवा एवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही. वाढवायला हव्यातच. पण वर्दीच्या आणि काळ्या कोटाच्या आतला विचार 'तू ओरडली का नाही' असाच राहिला तर माणूस कोण आहे यानं फार फरक पडत नाही.

---

मोर्शीकर_७२ | १३ जून, रात्री १०:००

दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. आमच्या भागात पोक्सोच्या कितीतरी केसेस पळून गेलेल्या जोडप्यांच्या असतात. पोरगी सतरा, पोरगा वीस, दोघं राजीखुशीनं गेलेले, बाप जातीबाहेरचा जावई नको म्हणून गुन्हा नोंदवतो. पोरगा दोन वर्षं आत. हा अन्याय नाही का?

---

तालुक्याचा_वकील | १३ जून, रात्री १०:४५

आहे. आणि तुमची गोष्ट पळसफूल ताईंच्या गोष्टीच्या विरोधात नाही. तिचाच दुसरा भाग आहे. विशेष न्यायालयाची सकाळ अशा प्रकरणांत जाते. तिथे बापाला पोलीस लगेच मिळतात, गाडी मिळते, दुसऱ्या राज्यातून पोरीला शोधून आणतात. तोच बाप मजूर असेल आणि गुन्हा मालकाच्या पोराचा असेल तर महिला अंमलदार सुटीवर असते. कायदा एकच आहे, पण तो कुणाच्या हाताला लागतो हे गावात ठरतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: पोरीला काय म्हणायचं आहे हे कुणी विचारत नाही.

---

व्यवस्थापक | १३ जून, रात्री ११:१५

एका सदस्याचा प्रतिसाद काढला आहे. त्यात एका चालू प्रकरणातल्या मुलीच्या गावाचं आणि वडिलांच्या दुकानाचं नाव होतं. पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहिणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी. कृपया काळजी घ्या.

---

निवृत्त_जमादार | १४ जून, सकाळी ८:३०

पोलिसांवर बरंच आलं आहे. मी बुलढाणा जिल्ह्यात चौतीस वर्षं नोकरी केली. काही सांगतो, बचाव म्हणून नाही.

ठाण्याच्या हद्दीत साठ-सत्तर गावं. महिला अंमलदार दोन, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी जिल्ह्याला बंदोबस्तात. बाईचा जबाब बाईनंच घ्यायचा हा नियम चांगला आहे, पण बाई नाही म्हणून तक्रारदाराला परत पाठवायचं, असा त्याचा वापर होतो. २०१३ नंतर गुन्हा नोंदवला नाही तर पोलिसालाच शिक्षा, हे कलम आलं. त्यानं फरक पडला, नोंद व्हायला लागली. पण नोंद करणं वेगळं आणि तपास करणं वेगळं. दोन महिन्यांत तपास संपवायचा म्हणून आरोपपत्र जातं आणि खाली लिहितात, सीए रिपोर्ट प्राप्त होताच सादर करण्यात येईल. रिपोर्ट नागपूर किंवा अमरावतीहून येतो तेव्हा तपास करणारा साहेब बदलून तिसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. मग तो साक्षीला येतो आणि त्याला प्रकरण आठवत नाही. आता नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकानं घटनास्थळी यायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पथक येईपर्यंत शेतातल्या घटनास्थळी नांगर फिरलेला नसावा, एवढीच इच्छा.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. नव्वदच्या दशकात एक बाप पोरीला घेऊन आला होता. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "बाबा, विचार करून घे, पोरीचं लगन व्हायचं आहे." मला वाटलं मी भलं सांगतो आहे. तो चहा पिऊन उठून गेला. पोरीनं जाताना माझ्याकडे पाहिलं होतं. माझ्या स्वतःच्या नातीला सोळावं लागलं तेव्हा ते पाहणं मला कळलं.

---

झरीचा_मास्तर | १४ जून, संध्याकाळी ७:४५

झरी-जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, शिकवतो. इकडच्या कुमारी मातांबद्दल वर्तमानपत्रात येतं, पुढारी येतात, साड्या वाटतात. रस्त्याच्या कामावर आलेले, तेंदूपत्त्याच्या हंगामात आलेले बाहेरचे लोक लग्नाचं बोलून जातात आणि काम संपलं की निघून जातात. पोरीला त्याचं पूर्ण नाव माहीत नसतं. फिर्यादीत आरोपीच्या रकान्यात काय लिहायचं? नव्या संहितेत लग्नाच्या खोट्या वचनासाठी कलम ६९ आलं आहे, पण ज्याचं वचन खोटं होतं तो ठेकेदारासोबत गेला आणि ठेकेदाराकडे मजुरांची यादीच नव्हती. कामावर येणाऱ्या माणसांची नावं-पत्ते ग्रामपंचायतीत नोंदवून घ्या, ही मागणी मी ग्रामसभेत तीनदा मांडली. या एका वहीनं जे होईल ते नव्या कलमानं होणार नाही.

आणि पोरी कोलामीत बोलतात. जबाब मराठीत लिहिला जातो. मी दुभाषा म्हणून दोनदा गेलो. जे ती म्हणाली आणि जे कागदावर उतरलं, त्यात माझंच मन मला खात राहिलं. तिच्या बोलण्यात झालेलं सगळं होतं, कागदावर फक्त 'जबरी संभोग' उरलं.

---

रोखठोक_अमरावती | १४ जून, रात्री ९:२०

मी वर फाशीचं लिहिलं होतं. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. राग अजून आहे, पण तो कुठे लावायचा हे आता वेगळं दिसतं. वकीलसाहेब, माझी स्वतःची गाडी आहे. अमरावती जिल्ह्यात कुणा बाईला पेशीला न्यायचं-आणायचं असेल तर मला सांगा. सोबत माझी बायको येईल.

---

तालुक्याचा_वकील | १४ जून, रात्री ९:५०

भाऊ, यादी करून तुम्हाला कळवतो. खरंच लागेल.

पळसफूल ताई, अपिलाचं बघा. पीडितेला सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क आहे, सरकारनं केलं नाही तरी. नागपूरला उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळेल. निकालाची प्रमाणित प्रत आजच मागा, दिवस मोजले जातात. रजिस्टर आणि वयाचा मुद्दा अपिलात घेता येतो. एकट्या पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा देता येते आणि उशीर झाला म्हणून ती खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये गुरमीतसिंगच्या निकालात सांगून ठेवलं आहे. तुमच्या पोरीची साक्ष टिकली आहे, ते सगळ्यात मोठं.

पीडितेला मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, मनोधैर्य योजनेचं, काय झालं?

---

पळसफूल | १६ जून, रात्री ८:३५

दोन दिवस गावात होते, रेंज धड नव्हती.

मनोधैर्यचे पैसे मिळाले होते वकीलसाहेब, चौथ्या वर्षी. मोठा भाग मुदतठेवीत आहे. हाती आले त्यातून मायनं आधी वीस हजार किराणावाल्याचे फेडले. तोवरची उधारी.

काल मी मायला तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. सिस्टरचा आशीर्वाद ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. जमादारांचं वाचलं तेव्हा बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्यायले सांगा, आमचा कागद ज्यानं सासरी नाई नेला तोबी जमादारच होता." आशाताईंचं दोनदा वाचायला लावलं.

मग अपिलाचं बोलले. मला वाटलं होतं की ती नको म्हणेल. तिनं तीनच प्रश्न विचारले. पोरीला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागेल का? नाही, अपील कागदावर चालतं, वकील बोलतात. सासरी कळेल का? पत्ता माझा देऊ, नोटीस माझ्याकडे येईल. तिसरा प्रश्न, किती वर्षं? त्यावर मी खोटं बोलले नाही. माहीत नाही म्हणाले.

पोरीला फोन लावला. ती शेतात होती, लेकरू मागे बोलत होतं, आता बोलायला लागलं आहे. ती म्हणाली, "ताई, करा. मी जे सांगतलं ते खोटं होतं असं कागदावर राहू देऊ नका."

प्रमाणित प्रतीचा अर्ज आज दिला. मास्तरांच्या वहीची गोष्ट आमच्या ग्रामसभेतही मांडणार आहे. शेजारीण संध्याकाळी अंगणात येऊन उभी राहिली, हातात कढीपत्त्याची जुडी होती. काही बोलली नाही. मायनं जुडी घेतली आणि तिला बसायला पोतं टाकलं.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी आणि माय नागपूरला जातो आहोत. मायनं कालनिर्णयवर गोल केला आहे, बत्तिसावा.